तीन बाद पंचेचाळीस

“पंचेचाळीस भागिले तीन,” फोनमधली बाई म्हणाली.

मामानं कानातला इअरफोन उपटला. “ही काय गणिताची बाई हाय का गं? भागाकार शिकवायला लागलीया मला.”

“स्कोअर हाय तो, मामा. पंचेचाळीस रन, तीन विकेट. मधी तिरकी रेघ असती ना, ती तिला भागाकार वाटती.”

“मग सांग तिला. आपल्यात तीन बाद पंचेचाळीस म्हणत्यात. आधी पडलेली माणसं, मग रना. उद्या मी माईकवर ‘लेंगरे, पंचेचाळीस भागिले तीन’ म्हटलं तर लोक खुर्च्या फेकतील.”

“उद्या न्हाई, आजच. चार तासांनी. जरा गप बसशील का?”

ही फायनलच्या दिवसाची सकाळ. मी उंबऱ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. मामी चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मधूनमधून माझ्याकडं असं बघत होती की जणू मी घरात साप धरून बसलेय. या गोष्टीला आता दोन-तीन वर्षं झाली, तरी त्या दिवशीचा भाकरीचा करपट वास आठवतो, कारण मामीचंही लक्ष तव्याकडं नव्हतं.

मी तेव्हा सतरा वर्षांची. दहावीत सहामाहीनंतर दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. मग शिवणक्लास धरला, सोडला. पार्लरचा कोर्स धरला, तोही सोडला, कारण तिथल्या मॅडम मला गिऱ्हाइकांसमोर ‘ए उंच पोरी’ म्हणून हाक मारायच्या. एकदा मीही त्यांना ‘ए बुटक्या बाई’ म्हटलं आणि निघून आले. आईनं हात टेकले आणि मला विट्याला मामाकडं धाडलं.

तिथं तौफिक भेटला. मामाच्या गल्लीतलाच. टेनिस बॉल क्रिकेटच्या मॅचा यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं काम करायचा. मॅच बघताना खाली स्कोअरची पट्टी येते ना, ते खरं तर एक वेबपेज असतं. कुणीतरी फोनवर बटणं दाबतं, एक, चार, आऊट, आणि तिकडं पट्टी बदलते. तौफिकला बटणं दाबायला माणूस पाहिजे होतं. मी दाबायला बसले. थोड्या दिवसांत मला ती पट्टी बघवेना, इतकी भिकार होती. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, “मग तूच बनव की.” त्याचा जुना लॅपटॉप दिला. मी बनवली. हे मात्र मी सोडलं नाही.

आणि मामा. महालिंग कोष्टी. घरात मामा, बाहेर सगळ्या तालुक्याचा अण्णा. आयुष्यभर मागावर काम केलं आणि सुट्टीच्या दिवशी माईक धरला. आसपासच्या गावात कुठंही मॅच असू दे, अण्णांचा आवाज नसेल तर लोक म्हणायचे, आज मॅच अळणी झाली. पण साखरेनं त्याचे डोळे खाल्ले. आधी मागावरचा तुटलेला धागा दिसेना, मग माणसाचं तोंड दिसेना, आणि आता नुसता उजेड आणि हलणाऱ्या सावल्या. हे मामीला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि सांगलीच्या डॉक्टरला. बाहेर कुणाला मामानं कळू दिलं नव्हतं. काळा चष्मा लावायचा आणि म्हणायचा, ऊन लागतंय.

पण मागच्या हंगामात त्यानं बोल्ड झालेल्या पोराला षटकार दिला. लोकांना वाटलं अण्णांनी गंमत केली, लोक हसले. कमिटीचे चेअरमन सर्जेरावदादा हसले नाहीत. यंदा फायनलला त्यांनी दोन निवेदक बोलावले. एक मामा, दुसरा त्यांचा भाचा पराग, जो शेर बोलायचा आणि पांढरा कोट घालायचा. दादा घरी येऊन सांगून गेले, “अण्णा, पहिला डाव तुमचा. दुसऱ्याचं बघू.”

दादा गेल्यावर मामानं काळा चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, “अंबे, माग गेला. आता माईक गेला तर मी काय करायचं गं? दारात बसून पावलांच्या आवाजावरनं माणसं ओळखायची?”

म्हणून मी ते पान बनवलं.

मी स्टेजवर त्याच्या शेजारीच बसणार होते, स्कोअर भरायला. कानात कुजबुजणं जमलं नसतं, माईक सगळं पकडतो, आणि दादांची खुर्ची मागंच. म्हणून मामाच्या फोनवर मी एक मोठं बटण ठेवलं, अख्ख्या स्क्रीनएवढं. मी माझ्या फोनवर चौकार दाबला की त्या बटणावरचा स्कोअर बदलणार. मामानं टेबलाखाली अंगठा नुसता स्क्रीनला लावायचा, की फोनमधली बाई, आंधळ्या माणसांसाठी स्क्रीन वाचून दाखवते ती, त्याच्या कानात स्कोअर सांगणार. बॅटचा आवाज मामाला असाच कळायचा. टोला बसला की नुसती कड लागली, हे तो डोळे मिटून सांगायचा. फक्त नंतर काय झालं ते त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

आता त्या भागाकाराचं बघायचं होतं. त्यावर उपाय मला माहीत होता. बटणाला एरिया-लेबल म्हणून एक नाव जोडता येतं. ते डोळ्यांना दिसत नाही. बटणावर काहीही लिहिलेलं असू दे, वाचणारी बाई बटणावरचं सोडून हे लेबल वाचते. मी बटणाच्या टॅगमध्ये, म्हणजे पान लिहिलेल्या मूळ ओळीत, लिहिलं, ‘शून्य बाद शून्य’. मग स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, की प्रत्येक बॉलनंतर या बटणाचं एरिया-लेबल म्हणजे नवीन वाक्य.

“हं. आता लाव अंगठा.”

मामानं लावला. त्याच्या तोंडावर हसू आलं. “शून्य बाद शून्य! आता कशी माणसात आली बाई.”

मी माझ्या फोनवर एक चौकार दाबला. मामाच्या स्क्रीनवर मला दिसलं, 4/0. लॅपटॉपवर बटणाला विचारलं, तुझं एरिया-लेबल काय? त्यानं सांगितलं, ‘चौकार. शून्य बाद चार.’ एकदम बरोबर. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, मामीनं मामाच्या हातात भाकरीचं फडकं कोंबलं, आणि आम्ही निघालो.

मामानं अंगठा पुन्हा लावून बघितला नाही. मीही म्हटलं नाही, की लाव.

*

लेंगऱ्याच्या माळावर ही गर्दी. ट्रॅक्टरच्या टपावर पोरं, शाळेच्या भिंतीवर पोरं. लेंगरे विरुद्ध खानापूर. स्टेजवर टेबल, टेबलावर माईक, माईकमागं मामा, त्याच्या डाव्या हाताला मी. माझ्या पलीकडं तौफिक कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन. मागच्या रांगेत सर्जेरावदादा, आणि त्यांच्या शेजारी पराग, पांढऱ्या कोटात, लग्नाला उभा राहिल्यासारखा.

“नमस्कार क्रिकेटरसिकहो!” मामानं सुरुवात केली आणि सगळा माळ ओरडला. “ज्यांनी घरात सांगितलंय की रानात चाललोय, त्यांनी कॅमेऱ्याकडं बघू नका. बायको यूट्यूबवर बसलीया!”

लेंगरे बॅटिंगला. पहिले तीन बॉल डॉट गेले. मामाचा अंगठा टेबलाखाली हलायचा, आणि तो म्हणायचा, “धाव नाही. शून्य बाद शून्य.” माझा जीव भांड्यात पडला. चाललंय म्हटलं.

चौथा बॉल. टप्प असा भरीव आवाज आला.

“हाणलाय!” मामा ओरडला. “कडेला नाही, मधोमध हाणलाय! गेला... गेला...”

चेंडू शाळेच्या भिंतीकडं गेला, चौकार. मी दाबला. मामाचा अंगठा हलला. आणि मामाचं तोंड उघडं राहिलं ते तसंच राहिलं.

त्यानं पुन्हा अंगठा लावला. पुन्हा. मग मान थोडी माझ्याकडं वळवली. मी त्याच्या फोनकडं बघितलं. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं होतं, 4/0. मी त्याच्या गुडघ्याला ‘बरोबर आहे’ म्हणून टोचलं. त्यानं बारीक मान हलवली, न्हाई.

स्पीकरवर शांतता. अख्खा माळ वाट बघतोय.

“हा फटका,” मामा सावकाश म्हणाला, “मी सांगणारच न्हाई. माझ्या एकट्याच्या बापाची हाय का मॅच? लेंगऱ्याच्या पोरांनो, तुम्ही सांगा. किती?”

“चाऽऽऽर!” माळ गरजला.

“ऐकू आलं न्हाई!”

“चाऽऽऽऽऽर!”

“मग स्कोअर किती?”

“शून्य बाद चार!”

लोकांना मजा आली. ओव्हर संपली, ढोल वाजला, मामानं माईकचा खटका खाली केला आणि ओठ न हलवता म्हणाला, “अंबे, बाई अडकलीया. काही झालं तरी शून्य बाद शून्यच म्हणतीया.”

“असं कसं? स्क्रीनवर बरोबर दिसतंय.”

“स्क्रीनवर दिसून मला काय उपयोग?”

दुसरी ओव्हर सुरू झाली. मी एका हातानं स्कोअर दाबत होते, दुसऱ्या हातानं तौफिकचा लॅपटॉप ओढून घेतला होता. तौफिक पुटपुटला, “नेट गेलं असेल.” मी म्हटलं, नेट गेलं तर स्क्रीनवरचा आकडा कसा बदलतोय, अक्कल. लॅपटॉपवर तेच पान उघडलं. बटणाला विचारलं, तुझं एरिया-लेबल काय? त्यानं सांगितलं, ‘एक धाव. शून्य बाद नऊ.’ बरोबर! मग त्या बाईला काय धाड भरली होती?

इकडं मामा एकेक बॉल ओढत होता. कधी बॅटच्या आवाजावरनं अंदाज बांधायचा, कधी पब्लिकला विचारायचा. एकदा विकेट पडली तेव्हा म्हणाला, “अरारारा! लेंगरेकर, असं कसं झालं, तुम्हीच सांगा!” आणि कुणीतरी ओरडलं, “रनआऊट!” आणि त्यानं तिथनं धागा पकडून सरपंचाच्या रनआऊट झालेल्या स्कूटरची गोष्ट सांगितली. लोक लोळायचे बाकी होते.

पण चौथ्या ओव्हरनंतर दादा खुर्चीवरनं उठून टेबलाशी आले. वाकून म्हणाले, “अण्णा, हे काय नवीन? स्कोअर तुम्ही सांगायचा का पब्लिकनं?”

“दादा, पब्लिकला आवडतंय.”

“आवडतंय, खरंय. पण सारखंच? यूट्यूबवर लोक विचारायलेत, निवेदक मॅच बघतोय का नाही म्हणून.” दादा थांबले. “पहिला डाव होऊ दे. पुढं पराग आहेच.”

ते गेले. मामाची मूठ टेबलावर होती, ती त्यानं उघडली आणि परत मिटली. ते बघून माझं डोकं सणकलं. दादांवर नाही, परागवर नाही, त्या बाईवर. मी लॅपटॉप धाडकन मिटला.

“ए, माझा हाय तो!” तौफिक म्हणाला.

“तुझ्या लॅपटॉपला आग लाव. माझ्यानं हे होत न्हाई. मी चालले.” मी उठलेच. पायात चप्पल सरकवली. शिवणक्लासातनं उठले होते ना, अगदी तसंच. पायांना सवय असते.

मामानं माईकचा खटका खाली केला. माझ्याकडं वळलाही नाही.

“अंबे, बस.”

“मामा, माझं सगळं बरोबर हाय आणि तरी...”

“ओव्हर संपायच्या आत फील्डर मैदान सोडत न्हाई. बस खाली.” आणि खटका वर. “आणि आता गोलंदाजीला येतोय खानापूरचा आपला डावखुरा...”

मी बसले. राग होताच, पण बसले. लॅपटॉप परत उघडला. आणि त्याला परत तेच विचारायच्या ऐवजी, का कोण जाणे, मी ते बटण पानाच्या मुळात कसं लिहिलेलं दिसतंय ते उघडून बघितलं. ब्राउझरमध्ये ती एक खिडकी असते. टॅगच्या टॅग दिसतात, आणि पान चालू असताना त्यात काय बदलतंय तेही डोळ्यासमोर बदलतं.

मी एक रन दाबला. खिडकीत बटणाच्या मधला आकडा बदलला. पण टॅगच्या आत, जिथं मी सकाळी हातानं लिहिलं होतं, तिथं अजून तेच होतं. एरिया-लेबल, शून्य बाद शून्य.

“तौफिक,” मी म्हटलं, “हे बघ.”

त्यानं कॅमेऱ्यावरनं मान वळवली. “तू बदललंस कसं?”

“बटण, कंसात एरिया-लेबल, बरोबर नवीन वाक्य.”

“टायटलला असं चालतं की. टायटल बदललं की बदलतं.”

“टायटलला चालतं. म्हणून मी...”

आणि माझं तोंड तिथंच बंद झालं.

ते असं असतं. बटणाची दोन अंगं असतात. एक, टॅगवर लिहिलेलं, ते अ‍ॅट्रिब्यूट. दुसरं, त्या टॅगवरनं ब्राउझर जे जितंजागतं बटण बनवतो त्याच्या अंगावरचं, ती प्रॉपर्टी. काही नावांच्या बाबतीत या दोघांमध्ये दोरी बांधलेली असते. टायटल त्यातलंच, इकडं ओढलं की तिकडं हलतं. पण मी ज्या नावानं हाक मारली त्या नावाला दोरीच नव्हती. आणि ब्राउझरचा स्वभाव असा मेला गोड की तो चूक झाली असं म्हणतच नाही. बटणाला गपचूप एक नवा खिसा शिवतो आणि तुमचं वाक्य त्यात ठेवून देतो. मी विचारायचे, लेबल काय? तो माझ्याच खिशातलं काढून मलाच वाचून दाखवायचा. वाचणारी बाई मात्र खिसे तपासत नाही. ती टॅगवर लिहिलेलं वाचते. तिथं सकाळच्या ‘शून्य बाद शून्य’नंतर मी काही लिहिलंच नव्हतं.

आणि मी हे सगळं डोळ्यांनी तपासलं होतं. ऐकायचं पान, आणि तपासलं डोळ्यांनी.

“सेट-अ‍ॅट्रिब्यूट,” तौफिक म्हणाला.

“माहितीय मला!” मी खेकसले, आणि थेट टॅगवर लिहायची ती आज्ञा टाइप करायला लागले.

एकच ओळ होती. पण त्या ओळीच्या मधी लेंगऱ्यानं दोन षटकार मारले, एक वाइड गेला, आणि प्रत्येक वेळी मला फोनवर बटण दाबायला लागत होतं. ओळ झाली. अपलोड केलं. आणि स्क्रीनवरचा गोल फिरायला लागला. माळावरचं प्रत्येक माणूस मॅच समोर दिसत असताना फोनवरही बघत होतं, त्यामुळं टॉवरचा जीव गेलेला. गोल फिरतोय, फिरतोय. लेंगऱ्याचा डाव संपला. पाच बाद ब्याऐंशी, हे मामानं पब्लिककडनंच वदवून घेतलं.

पराग उठला. कोटाचं बटण लावलं. टेबलाकडं निघाला.

गोल थांबला. मी मामाच्या मांडीवरचा फोन खेचून घेतला, पान परत उघडलं, फोन त्याच्या हातात कोंबला आणि माझ्या फोनवर दुसऱ्या डावाचं बटण दाबलं. “लाव,” मी म्हटलं. “लाव अंगठा.”

मामानं लावला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. आधी काहीच नाही. मग त्याचे ओठ हलले, बाईबरोबर बोलल्यासारखे. “विजयासाठी त्र्याऐंशी.”

मी एक चौकार दाबला, नुसता तपासायला. ह्या वेळी ऐकून तपासायला.

“चौकार. शून्य बाद चार,” मामा पुटपुटला. मी चौकार पुसला. “शून्य बाद शून्य.” आणि मग तो असा हसला की पुढच्या रांगेतल्या पोरांना वाटलं त्यांच्याकडंच बघून हसला.

पराग टेबलाशी पोचला होता. मामानं माईक उचलला. “रसिकहो, पराग सर आलेत. दोन शेर होऊन जाऊ देत, तवर खानापूरचे सलामीवीर पॅड बांधतील!”

परागनं दोन शेर म्हटले. टाळ्या पडल्या. मामानं माईक परत हातात घेतला आणि सोडलाच नाही. मागं दादा उठायला लागले होते. पहिल्याच बॉलला मामा म्हणाला, “ऑफ साइडला ढकलला, एक धाव, शून्य बाद एक,” तसे दादा परत टेकले.

तो डाव मी अजून विसरले नाही. बॅटचा आवाज आला की मामा उडी मारायचा, अंगठा हलायचा, आणि पुढचं वाक्य असं बाहेर पडायचं जणू त्यानंच तो बॉल मारलाय. मी दिशेची बटणंही ठेवली होती, तीही आता बोलत होती. “लाँगऑनला! दोन बाद एकतीस!” “विकेटकीपरच्या हातात! तीन बाद पंचेचाळीस!” पब्लिकला तो अजूनही विचारायचा, पण आता चेष्टा म्हणून. उत्तर त्याच्याकडं होतं.

शेवटचा बॉल आला. खानापूर सात बाद अठ्ठ्याहत्तर. जिंकायला पाच पाहिजेत, म्हणजे षटकारच. माळावर कुणी बसलेलं नव्हतं.

टप्प.

“उचललाय!” मामा ओरडला. “उंच उचललाय, आभाळाला लावलाय!”

चेंडू लाँगऑनला गेला. तिथं लेंगऱ्याचा एक किडकिडीत पोरगा मागं मागं सरकत गेला, चुन्याच्या रेषेपाशी, आणि त्यानं तो पकडला. रेषेच्या आत का बाहेर? खानापूरवाले “सिक्स! सिक्स!” म्हणत मैदानात घुसले. लेंगरेवाले “आऊट!” म्हणत त्यांच्या अंगावर धावले. मागनं पराग ओरडला, “सिक्स आहे! अण्णा, सिक्स!” पंच दोघंही लाँगऑनकडं चालायला लागले.

माझं बोट फोनवर होतं. मी काही दाबलं नाही. पंचांनी सांगितल्याशिवाय मी काय दाबणार?

मामाचा अंगठा हलला. चारी बाजूंनी सिक्स, आऊट, सिक्स, आऊट. त्याच्या कानात जुनाच स्कोअर. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा जुनाच. सकाळपासून पहिल्यांदा मला भीती वाटली की त्याला वाटेल बाई परत अडकली.

मामा एकदम शांत झाला. माईक तोंडाजवळ घेतला.

“थांबा,” तो म्हणाला. “एकानंही पुढं पाऊल टाकायचं न्हाई. पंचांचा निकाल झालेला नाही. खानापूरकर, मागं व्हा. लेंगरेकर, तुम्हीपण. हात खाली. आपण पाहुण्यांना बोलावलंय, भांडायला न्हाई. पंच बोलतील तेव्हाच मी बोलेन.”

माळ थांबला. खरंच थांबला. लाँगऑनला पंच वाकले, काहीतरी बघितलं, सरळ झाले. बोट वर.

मी दाबलं.

“झेलबाद!” मामा म्हणाला. “आठ बाद अठ्ठ्याहत्तर! लेंगरे जिंकलं! आणि खानापूरच्या पोरांसाठी टाळ्या वाजल्या न्हाईत तर मी माईक बंद करणार न्हाई, रात्रभर इथंच गाईन!”

टाळ्या वाजल्या. दोन्हीकडनं.

*

गर्दी पांगल्यावर दादा टेबलाशी आले. मामा वायर गुंडाळत होता. दादांनी त्याच्यापुढं पाण्याची बाटली धरली, आणि मग मामाचा हात धरून त्या हातात ती ठेवली.

मामाचा हात तसाच थांबला.

“आमच्या मंडळी सांगलीला भेटल्या होत्या तुमच्या मंडळींना,” दादा म्हणाले. “डोळ्याच्या दवाखान्यात. मागच्या दिवाळीत.”

“म्हणजे तुम्हाला...”

“माहीत होतं.”

“मग माईक कशाला दिलात?” हे मी विचारलं. मामानं माझ्या पायावर पाय दिला, पण मी विचारलंच.

दादांनी माझ्याकडं बघितलं. “एक डाव बघू म्हटलं. पहिला डाव बघून मी ठरवलंही होतं.” ते मामाकडं वळले. “अण्णा, शेवटच्या बॉलला परागच्या हातात माईक असता तर त्यानं सिक्स दिला असता. डोळे आहेत ना त्याला, जे दिसलं ते बोलला असता. आणि आज इथं डोकी फुटली असती. तुम्ही कसे काय थांबलात?”

मामानं बाटली टेबलावर ठेवली. “बाई पुढचं बोलली नव्हती, दादा.”

“कुठली बाई?”

मामानं फोन दाखवला. मग मी दाखवला, कसं चालतं ते. दादांनी अंगठा लावला, ऐकलं, परत लावला, परत ऐकलं, लहान पोरासारखं. मग फोन मामाला परत देत म्हणाले, “पुढच्या रविवारी कडेगावला मॅच आहे. गाडी दारात पाठवतो. हिलापण आणा.” आणि दोन पावलं जाऊन परत आले. “आणि चष्मा लावायची काही गरज नाही. उकडतं.”

टेम्पोनं आम्हाला गल्लीच्या तोंडाला सोडलं. तौफिक कॅमेरा घेऊन त्याच्या घराकडं वळला. जाताना म्हणाला, “लॅपटॉपची बिजागरी तुटलीय, उंच पोरी,” आणि मी त्याला मारायच्या आत पळाला. दिवेलागण होत होती. मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि आम्ही सावकाश चाललो होतो. मला वाटलं दमलाय.

“अंबे,” तो म्हणाला, “शेवटच्या बॉलला काय झालं गं?”

“झेलबाद. तूच सांगितलंस की सगळ्यांना.”

“मी निकाल सांगितला. काय झालं ते मी कुठं बघितलंय? सांग की.”

मी थांबले. मग म्हटलं, “लाँगऑनचा पोरगा होता ना, तो मागं मागं गेला. रेषेवर पाय पडला का नाही, कुणालाच कळेना. मग पंचांनी त्याला बूट काढायला लावला.”

“बूट?”

“चुना लागलाय का बघायला. त्यानं बूट काढला, तर आत मोजा फाटलेला, अंगठा बाहेर. पंचांनी बूट उलटा केला, तळवा बघितला, चुना न्हाई. पण खात्री करायला त्यांनी बूट नाकापाशी नेला.”

“कशाला?”

“चुन्याचा वास येतो का बघायला. आणि त्यांचं तोंड असं झालं मामा, असं झालं, की दुसऱ्या पंचानं लांबनंच बोट वर केलं.”

मामा हसायला लागला. गल्लीच्या मधोमध, पोट धरून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. मीही हसले. एक म्हातारी दारातनं आमच्याकडं बघत होती.

“आता पहिल्या बॉलपासनं सांग,” मामा डोळे पुसत म्हणाला. “काही गाळू नको. बॉलर कुठल्या बाजूनं आला?”

“शाळेच्या बाजूनं,” मी म्हटलं. “केस वाढवलेला, कपाळाला लाल पट्टी...”

आमचं दार आलं तेव्हा लेंगऱ्याची तिसरी ओव्हर चालू होती. मामी उंबऱ्यात उभी होती, पदर तोंडाला लावून, आमची तोंडं वाचायला बघत. मामानं तिला चालता चालताच हात वर करून दाखवला, सगळं ठीक. गोष्ट ऐकत पुढंच चालला, दाराशी थांबला मात्र नाही. मीही नाही.